ताप बघणारे काका

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही किरटं, ओळी वर चढतात. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्याने सांभाळून घ्यावं. तोंडाने बोलायला मला लाज वाटते, म्हणून लिहिते.

काका कुठल्याही वस्तूला आधी हाताची पालथी बाजू लावायचे, लेकराच्या कपाळाला ताप बघायला लावतात तशी. चहाचा कप, भिंतीवरचं बटण, मशीन, सगळ्याला. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण आम्ही त्यांना ताप बघणारे काकाच म्हणायचो. कॉम्प्युटर दुरुस्तीला बारामतीहून एसटीने इंदापूरला यायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत ब्रश आणि पेचकस.

माझी लेक सविता इंदापुरात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. आमचं दोघींचं पोट त्याच एका कॉम्प्युटरवर. पीकविम्याचे फॉर्म ऐन भरात आले आणि तो मध्येच बंद पडायला लागला. माणूस अर्धा फॉर्म भरून बसलेला, आणि पडदा काळा. दोन-तीन गिऱ्हाइकं उठून समोरच्या दुकानात गेली.

शेजारणीने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "रिपेरीवाले आतला चांगला माल काढत्यात आन जुना बसवत्यात. ध्यान ठेवा." मी ठेवलं. काका यायच्या आधी सविताच्या नखपॉलिशने आतल्या पंख्यावर आणि सुट्या पट्ट्यांवर लाल ठिपके दिले. काकांनी झाकण उघडलं आणि थांबले.

"ताई, ह्यांला गोवर झालाय का?"

सविता हसली. मी खाली बघितलं.

"बरं केलं," काका म्हणाले. "आता मी माल चोरला तरी मलाच सापडंल."

त्यांनी पंख्यातली धूळ काढली, वाळलेला लेप पुसून प्रोसेसरवर नवा पांढरा लेप लावला. "ह्यो मशीनचा मेंदू. ह्यो तापला की मशीन सोताच बंद हुतं, जळू नये म्हणून." तासभर मशीन टेबलावर चाललं. ते गेले आणि दुपारी पुन्हा बंद. असं दोनदा झालं. मला वाटलं, मुद्दाम अर्धवट करून जातो, पुन्हा पैसे मिळावेत म्हणून. पण फेरीचे पैसे त्यांनी एकदाच घेतले होते. मग तर माझा संशय जास्तच वाढला.

तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "प्रोसेसरच गेलाय. दुसरं कायबी उरलं न्हाय." छत्तीसशे रुपये. दारात दोन शेळ्या होत्या, त्यातली एक मी विकली. जुना प्रोसेसर त्यांना नेऊ दिला नाही, रुमालात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवला. नवा बसवला. संध्याकाळी मशीन बंद.

पुढच्या वेळी ते न सांगता आले, बाजाराच्या दिवशी. टेबलावर नुसता पडदा. त्यांनी विचारलं, "मशीन कुठं हाय?" सविताने टेबलाखाली बोट दाखवलं.

खरी गोष्ट अशी, की रात्री कुणी मशीन नेऊ नये, दिवसा कुणी आतला माल काढू नये, म्हणून मी सुताराकडून चारी बाजूंनी बंद लाकडी पेटी करून घेतली होती. वायरीपुरतं एक भोक, आणि कुलूप. काका यायचे त्या दिवशी मी मशीन आधीच बाहेर काढून पेटी लपवायची, ते गेले की मशीन पुन्हा पेटीत. पेटी बघून त्यांना आमचा संशय कळेल, याची लाज वाटायची.

काकांनी पेटीला पालथा हात लावला आणि पटकन मागे घेतला.

"ताई, हितं भाकरी भाजंल की हो!"

मग तिथेच खाली बसले. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "मशीन ठेवता कुठं, ह्ये मी पयल्या दिवशी इच्यारायला पायजे व्हतं. न्हाय इच्यारलं. पैसं माझ्याकडं लागलं."

जुनाच प्रोसेसर पुन्हा बसवला, पेटीबाहेर तो आजही चालतो. नवा काकांनी नेला, पण दुकानदाराने परत घेतला नाही, असं ते म्हणाले. तेही मला खरं वाटलं नाही. पैसे तीन हप्त्यांत देतो म्हणाले. कोण देतं? मी सविताला म्हटलं, "बघ, हा माणूस आता तोंड दाखवायचा नाही."

ते पहिल्या महिन्यात आले, बाराशे दिले. दुसऱ्या महिन्यात आले. तिसऱ्या वेळी खोकला होता, म्हणाले, आता पोराकडं चाललोय, पिशवी कायमची खाली ठेवायची. शेवटचे बाराशे त्यांनी पुढे केले, तेव्हा माझ्याने राहवलं नाही. आयुष्यात परक्या माणसाशी मी इतकं बोलले नसेन.

"काका, हे राहू द्या. पेटी मीच लपवायची. तुमच्यावर संशय होता."

"ठावं हाय. ठिपकं कुणी दिलं ते काय मला कळलं न्हाय व्हय?" ते हसले आणि खोकले. "तुमचा संशय तुमच्यापाशी, माझी चूक माझ्यापाशी. मिसळू नगा. मोजा."

त्यांनी नोटा माझ्या हातात ठेवल्या, मी तशाच धरून राहिले.

"माझ्यासमोर मोजा, ताई."

मी एकेक नोट मोजली. पैसे पुरते होते.