भिमाबाईंची अर्धी पाळी

किमान वेतन वाढल्याचं कळलं त्या दिवशी भिमाबाईंनी हौसेनं पेढे आणले, आणि पहिला पेढा ठेवला तो ठेकेदाराच्या हातावर! रंगरावांनी तो सावकाश खाल्ला, रुमालाला बोटं पुसली आणि म्हणाले, "दर वाढला, बाई. आता दोघींचं काम एकीनंच करायचं. कोण राहणार ते तुम्हीच ठरवा."

चाकणच्या त्या कंपनीत भिमाबाई आणि कस्तुरा कितीतरी वर्षं जोडीनं साफसफाई करत होत्या. भिमाबाई कासारवाडीच्या. कस्तुरा धाराशिवकडची, मेदनकरवाडीत खोली घेऊन एकटी राहणारी. दुपारी जेवताना भिमाबाईंच्या डब्याचं झाकण हीच कस्तुराची ताटली.

"आक्का, ही भाजी हाय का काढा?" असं म्हणत ती झाकण चाटूनपुसून लख्ख करायची.

भिमाबाईंचा नवरा किसन दम्यानं खाटेला खिळलेला. तरी त्या रंगरावांना म्हणाल्या, "कुणाला काढू नका, साहेब. आमी अर्धी अर्धी पाळी करतो."

रंगरावांचं काय जाणार होतं? पगार एकीचाच. त्यांनी मान डोलावली.

मग सकाळी कस्तुरा, दुपारी भिमाबाई. भेट काय ती गेटवर, एक बाहेर पडताना, दुसरी आत शिरताना. तिथंच उभ्या उभ्या झाकणातली भाजी पलीकडे जायची, कस्तुराची चटणी अलीकडे यायची.

"सरहद्दीवर व्यापार जोरात चाललाय राव!" वॉचमन सयाजी हसायचा.

पण दर वाढला तरी तास निम्मे झाले होते, आणि खोलीचं भाडं काही निम्मं झालं नव्हतं. कस्तुराची चटणी यायची बंद झाली. मग तिचे गालही बसले. भिमाबाई भाजीसोबत अख्खी भाकरी देऊ लागल्या.

"पोट भरलंय ओ, आक्का," कस्तुरा म्हणायची. आणि भाकरी संपवायची.

एका दुपारी गेटवर ती दिसलीच नाही. आदल्या दिवशी भाजी नेलेलं झाकण कस्तुरानं धुऊन ठेवलं होतं, ते सयाजीनं पुढं केलं.

"बाई गावाकडं गेली. रंगरावांना सांगून गेली, आक्काला पूर्ण पाळी द्या म्हणून. म्हणाली, तिच्या घरात आजारी माणूस हाय, माझं एकटीचं कुठंबी भागंल."

भिमाबाई झाकण छातीशी धरून तिथंच उभ्या राहिल्या. भोंगा झाला तेव्हा कुठं आत गेल्या.

आता त्यांना पूर्ण पगार मिळतो. जन्मात एवढा कधी मिळाला नव्हता. किसनला मोठ्या डॉक्टरकडे नेता आलं, रात्री तो जरा आडवा होऊन झोपतो. दोघींचा हॉल मात्र एकटीनं पुसायचा, आणि बादली पलीकडून ओढायला कुणी नाही.

दुपारी डबा उघडला की हात आपसूक झाकणात भाजी वाढतो. मग ते झाकण घेऊन त्या गेटवर सयाजीकडे जातात.

"कशी झालीय?"

"झकास झालीय, आक्का," तो बापडा मनापासून सांगतो.

भिमाबाई थोडा वेळ तशाच थांबतात. भाजीला कुणीतरी नावं ठेवील, म्हणून.