छोट्या गाड्यांच्या घरी चौकशीला

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कबूल करते. दूधवाला वेळेवर आला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त घातलं असेल. पण मी जन्मापासून अशी नव्हते. माझ्या लग्नाच्या वेळी घरच्यांनी मुलाची नोकरी विचारली, शेती विचारली आणि होकार देऊन मोकळे झाले. लग्नानंतर आठव्या दिवशी मला कळलं, नवरा पितो. त्यांच्या गावात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. म्हणून २००६च्या सुमारास धाकट्या बहिणीला कुडव्याचं स्थळ आलं, तेव्हा चौकशी मी स्वतः करायचं ठरवलं.

स्थळ नको तितकं चांगलं होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात, घरात फक्त आई, व्यसन नाही, हुंडा नको. हुंडा नको म्हणतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी आईला सांगितलं. त्यात मध्यस्थ म्हणाला, मुलानं घराच्या पुढच्या खोलीत छोट्या मोटारींचं संग्रहालय केलंय, रविवारी कोणीही जाऊन पाहू शकतं. तीस वर्षांचा माणूस खेळण्यातल्या गाड्या जमवतो? माझी झोपच उडाली. मुलगी पाहून झाली होती, पसंती आली होती, साक्षगंध पंधरा दिवसांवर होतं. ते लोक पाहायला आले तेव्हा मी सासरी होते, त्यामुळे त्यानं मला पाहिलेलं नव्हतं. ही सोय मला देवानंच करून दिल्यासारखी वाटली.

रविवारी माहेराहून, म्हणजे आमगावहून, गाडीनं गोंदियाला उतरले आणि कुडव्याला ऑटो केला. आधी शेजारच्या दोन घरी विचारून घेतलं, कोणी वाईट बोललं नाही. दारात पाटी होती : चपला बाहेर काढाव्यात, गाड्यांना हात लावू नये. आत टेबलावर नाव-गाव लिहायची वही होती. मी खोटं नाव लिहिलं आणि गाव तिरोडा ठोकून दिलं.

"तिरोड्याहून आल्या? एवढ्या दुरून?" टेबलामागे बसलेल्या मुलानं विचारलं.

"पाहुण्यायकडे आली होती जी."

त्यानं वहीतलं नाव वाचलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कपाटं दाखवू लागला. काचेआड काळी-पिवळी टॅक्सी होती, टपालाची लाल गाडी होती, बोटाएवढा रोडरोलर होता. ही खेळणी नव्हेत, असं तो दोनदा म्हणाला. खरी गाडी त्रेचाळीस पट लहान केली की अशी दिसते, मापात फरक नाही. नखानं त्यानं एका मोटारीचं दार उघडून दाखवलं. मी मोटार पाहत नव्हते. वाकून पाहायच्या निमित्तानं मी त्याच्या तोंडाचा वास घेत होते. दारूचा आला नाही, डिंकाचा आला. मग मला दुसराच संशय आला, की हा माणूस डिंक तर हुंगत नाही ना? खिडकीतून मागची दोरी दिसत होती. तिच्यावर नऊवारी लुगडं आणि दोन शर्ट होते. दुसऱ्या बाईचं काही नव्हतं.

शेवटच्या कपाटाच्या खालच्या कप्प्याला मात्र फुलाफुलांचा पडदा होता.

"इथं काय आहे?"

"ते दाखवाचं नाही आहे जी," तो म्हणाला आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला.

मी लगेच पडदा उचलला. आत वीसेक गाड्या होत्या, कुणाचं चाक निघालेलं, कुणाचा टप चेपलेला. मी त्यांच्यामागे हात घालून चाचपडत होते. बाटली, कागद, एखाद्या बाईचा फोटो, काहीतरी असणारच. तेवढ्यात तो पेला घेऊन दारात उभा राहिलेला दिसला.

"तुटलेल्या आहेत," तो म्हणाला. "ज्यायच्या हातून पडल्या, ते पुन्हा आले का ओशाळतात. म्हणून झाकून ठेवतो."

मी पाणी प्यायले. उत्तर फारच तयार होतं, असं मला परतीच्या वाटेवर आमगाव येईपर्यंत वाटत राहिलं. आईला सांगितलं, अजून एकदा जावं लागेल.

ती वेळ आली नाही. चार दिवसांनी मध्यस्थ आला आणि पायरीवरूनच म्हणाला, तिकडून नकार आहे. माझा चेहरा बहिणीसारखाच आहे. त्यानं मला दारातच ओळखलं होतं. बहीण म्हणून आल्या असत्या तर सारं घर उघडून दाखवलं असतं, असा त्याचा निरोप होता. आणि त्याची आई घाबरली होती. खोटं नाव लिहून घरात शिरणाऱ्या लोकांत काहीतरी खोट असणार, असं ती म्हणत होती.

मला आधी रागच आला. हा बहाणा आहे, दुसरीकडून चांगलं स्थळ आलं असेल, असं मी तावातावानं बोलू लागले. बहीण तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"बाई, तुले तिथं काय सापडलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. आणि मला एकदम फार लाज वाटली.

"मले तो आवडला होता," ती म्हणाली. असं ती पहिल्यांदाच बोलत होती. "मध्यस्थाले इचारलं, शेजाऱ्यायले इचारलं, त्याच्या कपाटात हात घालून पाह्यलं. मले काऊन नाही इचारलं तू?"