पंधरवडा गोळ्यांचा, पंधरवडा काढ्याचा

आमच्या सासूबाईंशी, म्हणजे कलाबाईंशी, वाद घालायचा तर आधी जेवून घ्यावं. नंतर जेवायला सवड मिळत नाही. नाशिकजवळ मखमलाबादला आमची फुलशेती. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. सासरे लवकर गेले, तेव्हापासून मळ्याचा सगळा कारभार सासूबाईंच्या हातात. पाठीवर पंप बांधून फवारा मारायला त्यांना कधी गडी लागला नाही. कोणतं औषध केव्हा मारायचं, यावर तर शेतकी साहेबालाही चार गोष्टी शिकवून पाठवायच्या. पण माणूस म्हणजे शेवंतीचं रोप नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगायचे हो. माझं ऐकतंय कोण!

शहाण्णव साली माझी प्रतिभा आठ वर्षांची होती. सारखं पोट दुखतं म्हणायची. जंत झालेत म्हणून झालं, शाळेचा कंटाळा म्हणून झालं. शेवटी सोनोग्राफीत पोटातल्या गाठी सुजलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांच्या गाठी साध्या संसर्गानंही सुजतात, बऱ्याचदा आपोआप उतरतात. हिच्या काही उतरेनात. रोज संध्याकाळी अंगात कणकण, आणि पोर नुसती वाळत चाललेली. मग गाठीचा तुकडा काढून तपासला. टीबी निघाला. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

"घाबरू नका, बरी होईल," डॉक्टर म्हणाले. "पण गोळ्यांना एक दिवसही खाडा नको. आणि लघवी लाल होईल, ती गोळ्यांमुळे."

सासूबाईंना एवढ्यानं समाधान कुठलं? त्या तिला पंचवटीतल्या एका वैद्यांकडे घेऊन गेल्या, मीही सोबत गेले. म्हातारे वैद्य भले माणूस. नाडी पाहिली, भुकेसाठी काढा दिला, मुगाचं कढण पाजायला सांगितलं. आणि माझ्यादेखत बजावलं, "काढ्यानं भूक लागेल. टीबी मारणार त्या गोळ्याच. त्या थांबवायच्या नाहीत." डॉक्टर आणि वैद्य दोघांचं एकच म्हणणं. आता यात डोकं चालवायला काही जागा होती का? आमच्या घरात होती.

मी आणि आमचे हे, भारत, पहाटेच फुलं घेऊन बाजारात जायचो. सकाळच्या गोळ्या द्यायचं काम सासूबाईंकडे. पोरीवर जीव होता त्यांचा, त्यात खोट नाही. सुरुवातीला पोर चांगली टवटवीत झाली. मग पुन्हा ताप, पुन्हा पोटदुखी. पुन्हा दवाखाना.

डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "काय गं, लघवी लाल होते ना?"

"कधी कधी," प्रतिभा म्हणाली.

"कधी कधी? गोळ्या रोज घेतेस ना?"

पोरीनं आजीकडे बघितलं. सासूबाई अगदी ठसक्यात म्हणाल्या, "एक पंधरवडा गोळ्या, एक पंधरवडा काढा. सारखं एकच औषध मारलं का शेवंतीवरचा मावा सरावतो, सायेब. बदलून बदलून मारावं लागतं. लय वर्षं झाली मला फवारे मारून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मला तर वाटलं, या बाईला इथेच सोडून पोरीला घेऊन कुठेतरी निघून जावं.

"आजी, या रोगाचं असं नसतं," ते म्हणाले. "मध्येच गोळ्या थांबल्या, की उरलेले जंतू गोळ्यांना सरावतात. तुम्हीच त्यांना सवड दिलीत."

सासूबाई गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन मोजायला लागल्या.

मग गोळ्या वाढल्या आणि रोजचं इंजेक्शन सुरू झालं. त्यानं कानाला त्रास होऊ शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण दुसरा इलाज नव्हता. पोर वाचली, पोटातल्या गाठी गेल्या, अंग भरलं. डावा कान मात्र पार गेला. लक्षात आल्याबरोबर इंजेक्शन थांबवलं, म्हणून उजवा राहिला. आणि आमच्या सासूबाई? जो भेटेल त्याला, "त्या सुईवाल्यानं पोरीचा कान घालवला!" वर्षानुवर्षं हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. भारत म्हणायचे, "जाऊ दे, म्हातारी आहे." म्हातारी आहे म्हणून काय मी पुतळा व्हायचं?

दोन हजार सातला पिंपळगाव बसवंतचं स्थळ आलं. मुलगा द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला, घर चांगलं. टीबी म्हटलं की माणसं चहा न पिता उठतात, म्हणून आमचं ठरलं होतं, लहानपणी ताप आला आणि कान गेला, एवढंच सांगायचं. पाहुणे बघायला आले त्या दिवशी सासूबाईंना मी दहादा बजावलं, "आई, आज तुम्ही फक्त चहा प्या."

मुलाच्या आईनं विचारलं, "कानाचं जन्मापासूनच का?"

मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात सासूबाई खाल मानेनं, हळू आवाजात बोलल्या, "जन्मापासून नाय हो. पोटाचा टीबी झाला होता. मी गोळ्या चुकवल्या, म्हणून सुया टोचाव्या लागल्या. डॉक्टरचा दोष नाय. कान मी घालवला हिचा."

अगं बाई! इतकी वर्षं जे कबूल केलं नाही, त्याला हाच मुहूर्त सापडला? संताप, लाज, सगळं एकदम वर आलं. पाहुण्यांकडे बघायची हिंमत होईना. प्रतिभाचा डावा कान आजीकडे होता. तिला काही कळलं नव्हतं, नुसती आमची तोंडं दिसत होती.

"आजी काय म्हणाली?" तिनं मला विचारलं.

मी चहाचा ट्रे उचलायला वाकले. सासूबाईच कपबशी घेऊन उठल्या, वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेल्या आणि सगळ्यांसमोर ओरडल्या, "तुझा कान मी घालवला, म्हणले!"



"आजी, ओरडतेस कशाला गं? या कानानं येतं मला ऐकू," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातली कपबशी काढून घेतली. चहा लुगड्यावर सांडला होता, आणि म्हातारीला त्याचा पत्ताच नव्हता.