गेटसमोरचा सिमेंटचा उतार

आमच्या शेजारचे अप्पा गल्लीतल्या प्रत्येक गेटसमोरच्या उतारावरचे डाग बघत फिरतात. गाडीचं ऑइल सांडलं की भिंतीपलीकडून आवाज येतो, "ताई, पाणी नका टाकू, पसरतंय ते! आधी राख टाका, तेल पिऊ द्या तिला." गंजाला ते लिंबू-मीठ सांगतात, बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगर. स्वतः मात्र दुसऱ्याच्या दारात कधी खराटा धरत नाहीत.

"हुकूम सोडायला लई हुशार हायत!" त्यांची बायको, आमच्या काकू, आतून म्हणतात. अप्पा ऐकू न आल्यासारखं करतात.

गेल्या उन्हाळ्यात आमचे हे शिडीवरून आमच्या गेटसमोरच्या उतारावर पडले आणि डोकं फुटलं. आता ते हिंडतात-फिरतात, पण त्या दिवशी डॉक्टर काहीच सांगत नव्हते. दुपारी कपडे आणि कागदपत्रं न्यायला मी एकटीच घरी आले. रिक्षात एकच विचार होता, त्या रक्तावरून आत कसं जायचं?

उतार स्वच्छ होता, अजून ओला. अप्पा गेटपाशी उभे होते.

"कसं हाय?"

"शुद्धीवर नाहीत अजून."

"येतील. तुम्ही आत जा, काय घ्यायचं ते घ्या. मी हाय इथंच."

त्यांच्या पायजम्याचे गुडघे भिजलेले होते. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते, आणि मी दार उघडून आत जाईपर्यंत ते पुढे आणले नाहीत.