दाजींचे पोट

कुणाच्याही घरी गेले की माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चपला काढण्याआधी विचारायचे, "सोय कुठं आहे?" मग संडास नजरेने पाहून यायचे आणि दाराजवळची खुर्ची धरायचे. आमच्या टेंभुर्णीच्या घरात लग्नाला इतकी वर्षे झाल्यावरही ते आधी परसात डोकावत. "जागेवर आहे का बघून आलो," म्हणत. आम्ही हसायचो. अक्का हसत नसे.

दाजी परतूरच्या एका शाळेत गणित शिकवत. उदाहरण अर्ध्यावर आलेले असताना मुरडा यायचा आणि खडू ठेवून त्यांना बाहेर पडावे लागे. पण त्यांची खरी धास्ती वेगळी होती. त्यांचे वडील आतड्याच्या कर्करोगाने गेले, आणि आधी कितीतरी महिने घरच्यांनी ते दुखणे साधे जुलाबाचे समजले होते. तेव्हापासून पोटात कळ आली की दाजी बोलता बोलता गप्प होत. वडील जिथे हात दाबून बसायचे, नेमका तिथेच त्यांचा हात जाई.

जालन्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासले. "आतडं साफ आहे. फक्त चिडकं आहे," ते म्हणाले. दूध, गहू, कांदा-लसूण, हरभऱ्याची डाळ काही आठवडे बंद करायची. मग एकेक पदार्थ थोडा थोडा परत घेऊन बघायचा, सोसेल तो ठेवायचा. दाजींनी यातला पहिला अर्धा भाग मन लावून पाळला. पोट शांत झाले. दुसरा अर्धा त्यांनी सुरूच केला नाही. "निजलेलं पोरगं कशाला उठवायचं?" म्हणायचे. उलट पुढे त्यांनी तूर सोडली, वांगे सोडले, पालेभाजी सोडली. शेवटी भात आणि मुगाचे पाणी उरले. सदरे अंगावर लोंबू लागले. एकदा अक्का मला फोनवर हळू आवाजात म्हणाली, "माणूस डोळ्यापुढं संपून राह्यला रे, अन् म्हणतो पोट बराबर आहे."

त्या वर्षी अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. जावई नीट न जेवता उठला तर सासरची मान खाली जाते. हरभऱ्याचे पुरण, वर गव्हाची पारी, शेजारी वाटीभर दूध. डॉक्टरांनी बंद केलेले जवळजवळ सगळे एकाच ताटात. दाजी पाटावर बसले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"एका घासानं काय होतंय?" माझे चुलते म्हणाले. "जावयाला आग्रह पाहिजे."

"आग्रह तुम्हाला करते, भाऊजी. तुम्ही जेवा," आई म्हणाली आणि तिने दाजींपुढे वेगळे ताट ठेवले. तांदळाच्या उकडीची पारी, आत मुगाच्या डाळीचे पुरण. "हे बी धोंडेच. वर दूध न्हाई."

"वहिनी, ह्याला मोदक म्हणत्यात."

"मंग मोदकाचा जावई समजा."

दाजींनी ताटावरून नजर उचलून सासूकडे पाहिले. "मामी, आत काही बिघडलं तर?"

"बिघडलं तर सोय मागंच आहे, आत्ताच बघून आलात ना? अन् न खाऊन काय व्हायलंय, ते आरशात बघा एकदा."

दाजींनी अर्धा धोंडा खाल्ला. ती सगळी दुपार आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून पाहत काढली. काही झाले नाही.

त्यानंतर अक्काने एकेक पदार्थ परत आणला. आधी चमचाभर तुरीचे वरण, मग मेथी, मग ज्वारीची भाकरी. दूध आणि कांदा कधीच सोसले नाहीत. ते राहू दिले. दाजींनी पुन्हा अंग धरले. मुरडा अधूनमधून यायचाच, पण आता ते गप्प होत नसत. "पोट आहे. चिडंल, बसंल," म्हणत आणि फळ्याकडे वळत.

यंदाच्या थंडीत सकाळी शाळेला निघताना त्यांच्या पोटात वरच्या बाजूला दुखू लागले. घाम आला. अक्का म्हणाली, "दवाखान्यात चला."

"पोट आहे. बसंल," दाजी म्हणाले आणि खुर्चीत टेकले. दुखणे हृदयाचे होते. शेजाऱ्यांनी गाडी दारात आणेपर्यंत ते गेले होते.

तेव्हापासून मला माझ्याच शरीराचे भय वाटते. वाचता वाचता अंगात कुठे जरा चमकले की मी पुस्तक मिटतो. कुठल्या कळेला भ्यायचे आणि कुठली सोडून द्यायची, हे अजून कळलेले नाही.

दहावा झाल्यावर अक्का आईजवळ बसली होती. म्हणाली, "आई, तू त्यांची भीती काढली नसती, तर त्या दिवशी ते उठून दवाखान्यात आले असते का गं?"

आई म्हणाली, "आले असते. पन त्या दिवसापर्यंत पोचले असते का, ते मला तू सांग."