सासऱ्याची परीक्षा जावयासमोर

मार्गासनीच्या रखमाजींची मुकादमी दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या करीला, भर दुपारी काढून घेतली. गुन्हा? इंग्रजीत तोंड उघडलं नाही. त्यांना इंग्रजी शिकवायला नेमलेला मास्तर मीच.

वेल्ह्याकडच्या सडकेचं काम चाललं होतं. नवा साहेब आला. त्याला मराठी येईना आणि दुभाषा नको. हुकूम निघाला: संक्रांतीपर्यंत मुकादमांनी आणि होतकरू गड्यांनी कामापुरतं इंग्रजी शिकावं. न शिकेल त्या मुकादमानं पाटी उचलावी. पाटी म्हणजे खडीची टोपली. ती गडी उचलतो, मुकादम नाही.

दुपारच्या सुट्टीत वर्ग भरे. पद्धत ड्रिलची, म्हणजे मी ओरडायचं, वर्गानं मागून ओरडायचं. विशीतले गडी पटापट उचलत. पन्नाशीचे रखमाजी गप्प.

शेवटी त्यांना एकटं गाठलं. "रखमाजी, तुम्ही म्हणत का नाही?"

"मास्तर, म्होरं कोन बसलंय बगितलं का?"

पुढं गणपत बसायचा. उत्रोलीचा. रखमाजींचा जावई.

"त्येच्या म्होरं म्या बोबडं बोलू? उद्या लेकीच्या दारात कोन्च्या तोंडानं उभा राहू?"

मग मी त्यांच्याबरोबर सडकेवरच हिंडू लागलो. सुरुंगापाशी 'बॅक', रोलरपाशी 'स्लो'. वेळ लई लागला. कालचा शब्द आज तोंडात येत नसे. 'स्टॉप'चं 'इस्टाप' काही सुटलं नाही. त्या वयात जीभ वळत नाही, हे मान्य. पण कळायचं सगळं. एकदा कळलेला हुकूम परत सांगावा लागत नव्हता.

साहेबाच्या हाताखालच्या ओव्हरसियरला म्हटलं, "रखमाजींची परीक्षा वेगळी घ्या, जावयासमोर नको. काम चालू असताना सडकेवरच घ्या."

"मास्तर, सडकेचं काम आहे, सोयरीक नाही."

"मग साहेबांनीच चार शब्द मराठी शिकावेत. किती वर्षं झाली या देशात!"

"आता? पन्नाशी उलटली की त्यांची! या वयात भाषा येते होय?"

रखमाजींचंही वय तेच आहे, हे मी दाखवून दिलं. तो हसला, चहा मागवला आणि परीक्षा होती तशीच ठेवली. असल्या माणसांशी भांडून घसा बसतो, बाकी काही होत नाही.

करीला सगळे एका रांगेत उभे केले. साहेबानं रखमाजींना विचारलं, सुरुंगाला बत्ती दिल्यावर गड्यांना काय सांगाल? रखमाजींनी गणपतकडं पाहिलं. गणपत पोरगा भला.

"मामा, म्या पाठ फिरवतो. तुमी बोला."

आणि तो खरंच वळला. रांग खो खो हसली. रखमाजींनी मात्र श्वास घेतला, तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब गणपतवर गरजला: सरळ उभा राहा! गणपत परत वळला. रखमाजींचं तोंड मिटलं ते मिटलंच.

मुकादमी गणपतला मिळाली. "मामा, मला नगं ती," तो रडकुंडीला आला होता.

"घ्या जावईबापू. लेक सुखात राहील," रखमाजी म्हणाले आणि गावाकडं चालू लागले. जावयाच्या हाताखाली पाटी ते उचलणार नव्हते. शिमग्याला लेक माहेरी आली. बाप दिवसभर रानात बसून राहिला.

म्हातारी माणसं शिकत नाहीत, हे मला पुन्हा कुणी सांगू नये. ती हळू शिकतात, आणि चुकली तर त्यांचं जातं जास्त. तुमच्या गावात मोठ्यांचा वर्ग असेल, तर उद्याच तिथं जा. कोण कुणासमोर बसलंय ते बघा. सासरा आणि जावई एका वर्गात दिसले, तर एकाला उठवा. मास्तर ऐकत नसेल, तर मास्तरला उठवा.