केकवर तिचं नाव

सुकापूरच्या त्या हॉलचं वाढदिवसाचं पॅकेज सगळ्यात स्वस्त होतं, म्हणून आमचे सगळे कार्यक्रम कागदोपत्री वाढदिवस असायचे. रविवारी दुपारी बारा ते चार, कारण संध्याकाळी खरे वाढदिवस असत. पॅकेजमध्ये चाळीस खुर्च्या, फुगे, व्हेज पुलाव आणि एक किलोचा पाइनॅपल केक. फुगे नकोत म्हटलं तर मॅनेजर म्हणायचा, पॅकेज तोडता येत नाही. त्यामुळे आम्ही पनवेल परिसरातले वीस-पंचवीस लोक काळे कपडे घालून, डोळ्यांत काजळ, पायांत तळोज्याच्या दुकानातून आणलेले कामगारांचे सेफ्टी शूज अशा थाटात गुलाबी फुग्यांखाली बसायचो आणि पडदे ओढून गॉथ नि इंडस्ट्रियल संगीत ऐकायचो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यंत्रांचे, पत्र्यांचे, घणांचे आवाज घ्यायचे, त्यांचा ताल बांधायचा आणि त्यावर उदास सुरांचे थर चढवायचे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शेजारी बांधकाम चालू आहे असंच वाटतं. आमच्या भागात ते खरंच चालू असतं, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही.

केकवर कोणाचं तरी नाव लागायचंच. पहिल्या वेळी मॅनेजरने विचारलं तेव्हा मी माझं टोपणनाव सांगितलं, कारण शेवटी वाजवणारा मी होतो. तेव्हापासून पद्धत पडली: जो शेवटी वाजवेल, म्हणजे ज्याच्यासाठी लोक थांबतील, त्याचं नाव केकवर. कुणी नियम केला नव्हता. हॉल मी ठरवायचो, मिक्सर माझा होता, सगळ्यांचा आवाज मीच बघायचो, तेव्हा बहुतेक वेळा केकही माझाच असायचा. वरवर मी म्हणायचो, अरे, नावात काय आहे, कोणाचंही टाका. मनात मात्र पुढच्या कार्यक्रमाचा केक कोणाचा, हे आधीच ठरलेलं असायचं.

उरलेल्या केकचा एक तुकडा मी डब्यात घालून घरी न्यायचो. वडील निवृत्त आहेत, दिवसभर घरी असतात आणि त्यांचे कान इतके तिखट आहेत की खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या ते मोजतात. पहिल्या कार्यक्रमाला मी त्यांना बोलावलं होतं. ते म्हणाले, बघू. त्यानंतर मी विचारलं नाही आणि त्यांनीही नाही. ते केक खायचे आणि दर वेळी विचारायचे, आज कोणाचा वाढदिवस होता. मी म्हणायचो, एका मित्राचा.

मग ती आली. उरणजवळच्या करंजा बंदरावरच्या कोळ्यांची मुलगी, वय असेल सव्वीस-सत्तावीस. इथे पनवेलजवळ करंजाड्यात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायची आणि पनवेलच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. कामावरून थेट आली होती, त्यामुळे काळं काहीच नव्हतं, पिस्ता रंगाचा कुडता होता. मला बरं वाटलं. म्हटलं, ही काही टिकत नाही.

तिने मोबाइल आमच्या मिक्सरला जोडून एक तुकडा ऐकवला. बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडायचं यंत्र असतं, बोटी निघायच्या आधी त्यात लादी टाकतात आणि चुरा बाहेर पडतो. तिचे वडील तीसेक वर्षं ते यंत्र चालवत होते. तिने त्याच्या शेजारी उभं राहून आवाज टिपला होता. आधी लादी ओढल्याची घसर, मग दातांत सापडल्यावरचा कडाका आणि या सगळ्याच्या खाली सतत एक जाड धडधड. तिने त्यात फारसं काही मिसळलंही नव्हतं. हॉलमध्ये कोणी बोलेना. आमच्यातला एकजण, जो माझ्या कार्यक्रमातही मोबाइल बघत बसतो, त्याने मोबाइल खिशात ठेवला.

मला काय झालं ते सरळच लिहितो. माझ्या पोटात दुखायला लागलं. मी तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरी करतो. दिवसाचे आठ तास प्रेस आणि कन्व्हेयरच्या मध्ये उभा असतो, कानांत बोळे घालून. घरी आलो की बोळे काढायचे आणि इंटरनेटवरून विकत घेतलेले परदेशी कारखान्यांचे आवाज जुळवत बसायचं, असा माझा पंधरा वर्षांचा उद्योग. आपल्याच कारखान्यात रेकॉर्डर न्यावा हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आणि ही मुलगी आपल्या बापाच्या कामाच्या जागी उभी राहिली, बटण दाबलं आणि घेऊन आली. त्यात पुन्हा ती मला दादा म्हणायची. दादा, हे कसं करू, दादा, ते बरोबर आहे का. मी सगळं शिकवलं. नाही म्हणायला काही कारणच सापडत नव्हतं.

चार महिन्यांत आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ह्या वेळी केक तिचा. भराभर अंगठे पडले. मी आधी चहा केला, तो प्यायलो, कप विसळला आणि मग अंगठा टाकला.

त्या रविवारी ती लवकर आली, सोबत वडील. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, इस्त्री केलेला, हातात पिशवी. तिने ओळख करून दिली, हे दादा साउंड बघतात. त्यांनी पिशवीतून सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, पुडी काढून माझ्या हातात ठेवली. आमच्याकडे स्पीकर आणणारा एक आगरी माणूस होता, एरवी हळदीला डीजे लावणारा, पन्नाशीचा, कानात भिकबाळी. त्याचे ते कपाटाएवढे बेसचे डबे तिने दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून काढून पहिल्या रांगेजवळ लावायला सांगितले आणि त्यातल्या एकाला खेटून वडिलांची खुर्ची ठेवली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, खालचा आवाज तेवढा कापू नका हां. बाकी तुम्हाला वाटेल ते करा."

एवढंच म्हणाली. पण मला ते झोंबलं. मी शिकवलेली मुलगी मला खालचा आवाज शिकवत होती.

मिक्सरवर प्रत्येक वाहिनीला एक छोटं बटण असतं, लो कट. दाबलं की खालचे जाड आवाज गळून जातात, वरचे राहतात. मी ते दाबलं. स्वतःला कारणही दिलं, खाली मुलांचा डान्स क्लास आहे, काचा हादरतात, मॅनेजर ओरडेल. माझ्या स्वतःच्या कार्यक्रमाला हे कारण मला कधी आठवलं नव्हतं.

तिने वाजवलं. लादी घसरली, दातांत गेली, कडाका झाला, सगळं स्वच्छ आणि पातळ. खालची धडधड नव्हतीच. लोक ऐकत होते, वाईट म्हणत नव्हते, पण त्या पहिल्या दिवशीसारखं गप्प कोणी झालं नाही. मोबाइलवाल्याने मोबाइल काढला. खरं सांगतो, मला गार वाटलं. तिचे वडील डब्यावर उजवा तळवा उताणा नाही, पालथा ठेवून बसले होते. मधेच त्यांनी हात बदलला, डावा ठेवला. मग दोन्ही ठेवले. मला वाटलं, म्हातारा अवघडला असेल.

टाळ्या झाल्या. केक आला, त्यावर तिचं नाव, लाल जेलमध्ये. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली की तिचंच काहीतरी चुकलं, घरच्या स्पीकरवर बेस बरोबर वाटला होता. मी म्हटलं, होतं असं पहिल्यांदा. तेव्हा तिने सांगितलं. यंत्राशेजारी उभं राहून राहून वडिलांचे कान गेले होते. बोलणं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. पण जाड आवाज अजून त्यांच्या हाताला आणि छातीला लागायचा. घरात ते रेडिओ लावत नाहीत, पण हळदीत डीजेच्या गाडीजवळ जाऊन उभे राहतात. तो तुकडा तिने त्यांच्यासाठीच केला होता, आणि म्हणून त्यांना करंजाहून इथवर आणलं होतं.

तेवढ्यात ते स्वतःच आले. बहिरी माणसं बोलतात तसे जरा मोठ्याने मला म्हणाले, "पोरीचा चांगला झाला ना? मना काय समजला नाय."

भिंतीवरच्या घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती. हॉल आमचाच होता. डबे जागेवर होते, लॅपटॉप चालू होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं की चल, पुन्हा एकदा लावू. पाच मिनिटांचं काम. पण पुन्हा लावलं असतं तर यंत्र नीट धडधडलं असतं, आणि मघाशी का नाही धडधडलं, असं कोणीतरी विचारलं असतं. शिवाय लोक पुन्हा गप्प झाले असते. मी मान जोरात हलवून, अंगठा वर करून त्यांना सांगितलं, चांगला झाला. मग सुरी उचलून तिच्या हातात दिली. पहिला तुकडा तिने वडिलांना भरवला. माझ्या वाट्याला कोपऱ्यातला आला, त्यावर तिच्या नावातलं एक अक्षर होतं.

सामान आवरताना स्पीकरवाला मिक्सरपाशी वाकला. त्याने ते बटण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बोटाने पुन्हा दाबून ते वर आणलं. "हळदीत आसा केला आसता तर लोकांनी मना मारला आसता," असं म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला. नंतर कधीच त्याने विषय काढला नाही.

घरी वडिलांनी केक खाल्ला आणि विचारलं, कोणाचा वाढदिवस. मी म्हटलं, एका मुलीचा. दुसऱ्या दिवशी आईने वांग्यात ते सोडे घातले. वडिलांनी दोनदा वाढून घेतलं. मी पोट बिघडलंय म्हणून ताक-भात खाल्ला.

त्या रात्री नाही, पण नंतर बरेच दिवस मी एका गोष्टीवर अडकून राहिलो. तिने लोकांना गप्प केलं होतं, केक नेला होता, ते सगळं मी कसंबसं गिळलं असतं. पण ज्याला ऐकू येत नाही असा बाप दोन गाड्या बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यासाठी आला आणि डब्यावर हात ठेवून तिची वाट बघत बसला, हे मला सहन झालं नाही. अजून होत नाही. माझ्या बापाचे कान शाबूत आहेत, आणि हॉल घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

ती थांबली नाही. तिला पुण्याला बोलावलं, मग बंगळुरूला, आणि मागच्या वर्षी परदेशातल्या एका छोट्या कंपनीने तिची कॅसेट काढली. मला तिने एक पाठवली, वर लिहिलं होतं, दादांना, ज्यांनी सगळं शिकवलं. तिचे वडील मात्र परत आले नाहीत. मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "ते म्हणतात, तुझं ते कानवाल्यांसाठी आहे. मला कशाला नेतेस."

कॅसेट वाजवायला माझ्याकडे काही नव्हतं, सोबत दिलेला डिजिटल तुकडा होता. गणपतीच्या आधीच्या एका सुट्टीच्या दिवशी, घरी आई नव्हती तेव्हा, मी तो माझ्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर लावला. काही न कापता. लादी घसरली आणि खालची धडधड सुरू झाली. टेबलावरची पेनं थरथरायला लागली. मी स्पीकरवर पालथा तळवा ठेवला. हाताला यंत्र लागत होतं, त्यातून लादी जाताना ते क्षणभर अडतं आणि मग सुटतं, तेही लागत होतं. त्या माणसाने त्या दिवशी एका हाताने, मग दुसऱ्या हाताने, मग दोन्ही हातांनी हेच शोधलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी, लाज सोडून सांगतो, हे मी का नाही केलं म्हणून मी जळतही होतो.

मागे दार उघडलं. मला वाटलं, वडील नेहमीसारखं म्हणणार, दार लावून घे. ते आत आले. पंधरा वर्षांत गाणं चालू असताना ते माझ्या खोलीत पहिल्यांदा आले होते. पलंगाच्या कडेला बसले, तुकडा संपेपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "हे तू केलंस?"

मी म्हणालो, "हो."

ते म्हणाले की चांगलं आहे, छातीत लागतं. मग म्हणाले, तुझं असं काही असतं हे आधी सांगायचंस की.

आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, मुलगा संगीत करतो. त्यांनी कपाटातून एक कोसा रंगाचा सदरा काढून धुवून ठेवला आहे. पुढचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे, हॉल मीच ठरवलाय, केकही मीच सांगितलाय, तिच्या नावाचा. ती शेवटी तोच तुकडा वाजवणार आहे. वडील दर रविवारी विचारतात, कार्यक्रम कधी, मी पुढे बसेन. मी सांगतो, सध्या हॉल मिळत नाहीये.